वूमाओ की छोटे गुलाबी? चिनी कमेंटमागचा माणूस ओळखताना

चीनबद्दल वाकडं लिहिलं की खाली कमेंटचा पाऊस पडतो आणि आपल्याकडे लगेच शिक्का बसतो, ‘पगारी ट्रोल’. हा शिक्का बऱ्याचदा चुकतो, कारण पगारी माणूस भांडायला सहसा येतच नाही.

वूमाओ म्हणजे पाच माओ, अर्धा युआन. पोस्टमागे एवढे पैसे मिळतात या समजावरून सरकारच्या बाजूने लिहिणाऱ्या पगारी लोकांना हे नाव पडलं. 2014 च्या अखेरीस ज्यांग्शी प्रांतातल्या गानचौ शहराच्या एका जिल्ह्याच्या इंटरनेट प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या संशोधकांनी ते चाळले, तेव्हा 43,000 हून जास्त पोस्ट हाती लागल्या. लिहिणारे जवळजवळ सगळे सरकारी खात्यांतले नोकर. कामाचाच भाग म्हणून लिहीत होते. अर्ध्या युआनचा पुरावा मिळाला नाही. मजकूर काय, तर हुतात्म्यांना वंदन, पक्षाची वाहवा, शहराच्या प्रगतीचं कौतुक. टीकाकाराला उत्तर द्यायचं नाही, वादात पडायचं नाही. लोक रस्त्यावर उतरतील असं वाटलं की एकदम शेकडो गोड पोस्ट टाकायच्या आणि विषय बदलायचा. देशभरात अशा पोस्ट वर्षाला सुमारे 44.8 कोटी, असा त्यांचा अंदाज. हा सगळा व्यवहार चिनी भाषेत, चिनी वाचकासाठी. परदेशी मंचांवर बनावट खाती चालवणं हा वेगळाच उद्योग.

छोटे गुलाबी, चिनीत श्याओफनहोंग, म्हणजे कट्टर देशभक्त तरुण, हे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. एका साहित्यविषयक संकेतस्थळाच्या गुलाबी पानावरून त्यांना हे नाव मिळालं. बहुतेक जण 1990 नंतर जन्मलेले. 20 जानेवारी 2016 ला, त्साई इंग-वेन तैवानच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर चारच दिवसांनी, ‘दीबा’ या चिनी मंचावरच्या तरुणांनी त्यांच्या फेसबुक पानावर धाड घातली. चीनमध्ये फेसबुक बंद, म्हणून आधी बंदी चुकवायला व्हीपीएन. कामं वाटून घेतलेली: एक तुकडी मजकूर जमवणारी, एक मीम बनवणारी, एक भाषांतर करणारी, एक लाइक आणि तक्रारी करणारी. घोषणांबरोबर खाद्यपदार्थांचे फोटोही ओतले.

गोंधळ होतो तो पक्षही यांना चूल पेटवून देतो म्हणून. 24 मार्च 2021 ला पक्षाच्या कम्युनिस्ट युवक संघाने एच अँड एम या कपड्यांच्या ब्रँडवर पोस्ट टाकली, कारण सक्तमजुरीच्या आरोपांमुळे त्याने शिनज्यांग प्रांताचा कापूस नाकारला होता, बहिष्कार पेटला आणि बघता बघता हा ब्रँड मोठ्या चिनी खरेदी ॲपवरून गायब झाला. पण पेटवणं सोपं, विझवणं अवघड. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला सुखरूप उतरल्या, तेव्हा त्यांना रोखलं का नाही म्हणून हीच मंडळी आपल्याच सरकारवर आणि लष्करावर चिडली.

म्हणून खातं तपासताना आधी जुन्या पोस्ट बघाव्यात. गेम, मालिका, आवडता नट आणि मध्येच देश असं असेल तर तो बहुधा गुलाबी. प्रतिवादाला उत्तर देतो का, हेही बघावं. देत असेल तर वूमाओची शक्यता कमी. देशभक्तीच्या तीव्रतेवरून मात्र काहीच ठरवू नये, तिथे गुलाबीच जास्त तिखट असतो. 2024 मध्ये त्यांनी नोंगफू स्प्रिंग या चिनी पाणी कंपनीलाच धरलं. बाटलीचं लाल झाकण म्हणे जपानी सूर्यासारखं दिसतं. त्याच वर्षी जूनमध्ये चीनच्या सूचौ शहरात जपानी शाळेच्या बसथांब्यावर चाकूहल्ला झाला, मुलांना वाचवताना बसमधल्या चिनी मदतनीस हू योपिंग दगावल्या. मग वेइबो, टेन्सेंट अशा चिनी इंटरनेट कंपन्यांनी जपानद्वेषाच्या पोस्ट काढायला घेतल्या.