चावेझला ती लढत पंचाने बहाल केली नव्हती

मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ आणि अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर यांची १७ मार्च १९९० ची लास वेगासची बॉक्सिंगची लढत, तिचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकू येते: टेलर आरामात जिंकत होता, पंच रिचर्ड स्टील यांनी दोन सेकंद उरले असताना लढत थांबवून चावेझला विजय बहाल केला.

दोन सेकंद खरे आहेत. टेलर गुणांवर पुढे होता हेही खरं. दोन परीक्षकांनी त्याला १०७-१०२ आणि १०८-१०१ अशी आघाडी दिली होती. तिसऱ्याने मात्र चावेझला १०५-१०४ असं पुढे ठेवलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

'आरामात' हा शब्द तर साफ चुकीचा. टेलरचे हात विजेसारखे चालत होते, पण चावेझचे मोजके ठोसे जास्त जड होते. बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीपर्यंत टेलरचा चेहरा सुजून ओळखू येईना. शेवटी चावेझच्या उजव्या हाताने तो कोपऱ्यात कोसळला. तो उठला, दोरीला धरून उभा राहिला. स्टील यांनी दोनदा विचारलं, ठीक आहेस ना? उत्तर आलं नाही. टेलरची नजर रिंगच्या कडेवर चढलेल्या त्याच्या प्रशिक्षकाकडे, लू डुवा यांच्याकडे गेली होती. लढतीनंतर त्याला थेट रुग्णालयात न्यावं लागलं. डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बरंच रक्त पोटात गेलं होतं.

घड्याळ बघणं हे पंचाचं काम नव्हे, समोरचा माणूस लढू शकतो का हे बघणं त्याचं काम. माझ्या मते स्टील यांनी तेच केलं. सप्टेंबर १९९४ मध्ये दोघे पुन्हा भिडले, तेव्हा चावेझने आठव्या फेरीतच निकाल लावला.