द सॉनिक्स

द सॉनिक्स हा अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, टकोमा या शहरात १९६० साली सुरू झालेला रॉक बँड. गॅरेज रॉक या प्रकारातला सर्वांत दणकट आणि बेफाम आवाज त्याचाच, असे मानले जाते. पुढच्या दशकातल्या पंक रॉकचे मूळ शोधत मागे जाणारे बहुतेक जण या बँडपाशी येतात. त्याचा खरा बहर जेमतेम तीन वर्षे, १९६४ ते १९६६, टिकला. तेवढ्या काळात दोन एलपी (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) आणि काही एकेरी तबकड्या (दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या) निघाल्या. वायव्य अमेरिकेबाहेर तेव्हा त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही.

मराठीत गॅरेज म्हटले की मेकॅनिकचे दुकान आठवते. इथे अभिप्रेत आहे ते अमेरिकी घराला जोडून असलेली गाडी ठेवायची खोली. शाळा-कॉलेजातली मुले गाडी बाहेर काढून तिथे तालीम करायची, म्हणून हे नाव पडले. मात्र साठच्या दशकात ते कोणी वापरत नव्हते. १९७२ मध्ये गिटारवादक आणि संगीतलेखक लेनी के यांनी ‘नगेट्स’ हे दोन तबकड्यांचे संकलन केले, त्यानंतर विस्मरणात गेलेल्या अशा बँडांकडे एक स्वतंत्र प्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले. त्या पहिल्या संकलनात सॉनिक्सचे एकही गाणे नव्हते. ज्यांच्यावाचून आज हा प्रकार समजावून सांगता येत नाही, त्यांना सुरुवातीच्या यादीत जागा मिळाली नव्हती.

टकोमा हे बंदर आणि लाकूड-कागद गिरण्यांचे गाव. गिरण्यांचा उग्र वास हवेत इतका भरलेला असे की आसपासच्या लोकांत ‘टकोमाचा सुवास’ ही म्हणच पडली होती. शेजारी मॅकॉर्ड हवाई तळ, वर सिॲटलमध्ये बोइंगचे कारखाने. ध्वनीची गती ओलांडणाऱ्या विमानांचा धडाका तिथल्या लोकांच्या कानावर पडत असे, त्यावरूनच बँडचे नाव आले. न्यू यॉर्क आणि लॉस एंजलिस इथल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्या फार लांब असल्याने या भागातले संगीत आपल्याच चालीने वाढले. शनिवार-रविवारी मोठमोठ्या हॉलमध्ये आणि स्केटिंग रिंकमध्ये तरुणांचे नाच होत. तिथे सॅक्सोफोन, ऑर्गन आणि कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजवर पोसलेले बँड तास-तास वाजवत. त्यांत टकोमाचाच द वेलर्स हा बँड (बॉब मार्ले यांच्याशी याचा संबंध नाही) अग्रणी होता. रिचर्ड बेरी यांचे ‘लुई लुई’ हे गाणे या भागाचे जणू राष्ट्रगीत झाले, ते वेलर्सच्या १९६१ च्या तबकडीमुळे. ती काढण्यासाठी त्यांनी एटिकेट नावाची स्वतःची कंपनी काढली होती. पोर्टलंडच्या किंग्जमेनने तेच गाणे १९६३ मध्ये देशभर पोचवले.

सॉनिक्सची सुरुवात लॅरी पॅरिपा या शाळकरी गिटारवादकाने केली. पुढे भाऊ अँडी बेस वाजवू लागला. घरच्यांचा विरोध तर नव्हताच, उलट आई कधीकधी तालमीत बेस हाती घेत असे. सुरुवातीला सगळा भर नुसत्या वाद्यांवर होता. चेहरामोहरा बदलला तो १९६४ मध्ये, जेव्हा जेरी रोझली (ऑर्गन आणि गायन), रॉब लिंड (सॅक्सोफोन) आणि बॉब बेनेट (ड्रम) हे तिघे दुसऱ्या एका स्थानिक बँडमधून इकडे आले. हीच पाच जणांची जुळणी पुढे गाजली.

रोझली यांच्या गळ्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. पन्नाशीच्या दशकातला रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड हा त्यांचा आदर्श. पण त्याच्या गाण्यात जिथे उल्हास आहे, तिथे रोझलींच्या गाण्यात धोका आहे. ओळीच्या शेवटी ते जी किंकाळी फोडतात ती अलंकार म्हणून येत नाही. गाणे आता शब्दांत मावत नाही म्हणून ती फुटते. साठ वर्षांनंतरही, हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकणारा माणूस त्या जागी दचकतो.

एटिकेटचे बक ऑर्म्सबी यांनी त्यांना ऐकले आणि स्वतःचे गाणे घेऊन यायला सांगितले. आधी नाचाच्या ठेक्यावर बेतलेली एक चाल होती. तीत फेरफार करून रोझली यांनी ‘द विच’ लिहिले. गावात नवीन आलेल्या, लांब काळ्या केसांच्या मुलीपासून सावध राहा, असा त्याचा आशय. नोव्हेंबर १९६४ मध्ये तबकडी निघाली. ध्वनिमुद्रण सिॲटलमध्ये कर्नी बार्टन यांच्या स्टुडिओत झाले. यंत्र दोनच ट्रॅकचे, आणि सगळ्या ड्रम संचावर मिळून एक मायक्रोफोन. शिवाय आवाजाची पातळी काटा लाल पट्ट्यात जाईल इतकी चढवलेली, त्यामुळे सूर फाटलेले. लॅरी पॅरिपा तर ॲम्प्लिफायरशी सतत खेळत: स्पीकर सुटे करायचे, बर्फ फोडायच्या टोच्याने त्यांच्या पडद्याला भोके पाडायची. नियमानुसार हे सगळे चुकीचे होते. पण त्या चुकांतूनच जो खरखरीत, अंगावर येणारा आवाज निघाला तो पुढच्या कित्येकांना महागड्या स्टुडिओतही साधला नाही. वॉशिंग्टन राज्यातल्याच निर्वाणा बँडचे कर्ट कोबेन यांनी सॉनिक्सच्या ड्रमचा आवाज आपण ऐकलेल्यांत सर्वांत अद्भुत असल्याचे एका मुलाखतीत सांगितले होते, आणि त्याचे कारण म्हणून त्याच एका मायक्रोफोनकडे बोट दाखवले होते.

‘द विच’ रेडिओवर केव्हाही लावायला स्थानके कचरत. सिॲटलच्या केजेआर केंद्रावर ते दुपारी शाळा सुटल्यानंतरच वाजवायचे, असा शिरस्ता असल्याचे बँडचे सदस्य सांगत आले आहेत. तरीही तबकडी हातोहात खपली. पहिल्या आवृत्तीत मागच्या बाजूला दुसऱ्याचे गाणे होते, म्हणजे त्याचे मानधन परक्या खिशात जात होते. म्हणून नंतर तिथे स्वतःचे ‘सायको’ टाकण्यात आले. १९६५ मध्ये ‘हिअर आर द सॉनिक्स’ ही पहिली एलपी आली. बारापैकी आठ गाणी इतरांची, चार आपली. लक्षात राहतात ती ही चारच, आणि जोडीला रिचर्ड बेरी यांचेच ‘हॅव लव्ह, विल ट्रॅव्हल’. ‘स्ट्रिक्निन’मधला गायक म्हणतो की कोणाला पाणी आवडते, कोणाला वाईन, आपल्याला मात्र स्ट्रिक्निन आवडते. कोकणात ज्याला काजरा म्हणतात, त्याच्या बियांतले हे विष. बीटल्सच्या प्रेमगीतांच्या भरतीत, विषाला आवडते पेय म्हणणारे हे गाणे टकोमाच्या मुलांनी कसलाही आव न आणता, गमतीने केले होते.

या काळात बीच बॉइज, किंक्स अशा दौऱ्यावर आलेल्या नामवंतांच्या आधी ते वाजवत. सिॲटल आणि टकोमाच्या मधोमध हमरस्त्यावर असलेला स्पॅनिश कॅसल हा नाचाचा हॉल त्यांचे हक्काचे ठिकाण होता. १९६६ च्या ‘बूम’ या दुसऱ्या एलपीतला काही भाग टकोमातल्या एका छोट्या स्टुडिओत मुद्रित झाला. तिथे एरवी कंट्री संगीत चाले. आवाज फार मऊ येतो म्हणून या मुलांनी भिंतींवर आवाज शोषण्यासाठी लावलेले आवरणच ओरबाडून काढले. नागड्या भिंतींवरून उसळणारा तो आवाज ‘बूम’मध्ये ऐकू येतो. ‘शॉट डाउन’ हे गाणे ऐकावे.

उतरण लागली ती प्रगतीच्या वाटेवर. १९६६ च्या अखेरीस बँड एटिकेट सोडून जर्डन या कंपनीकडे गेला. आता चांगली सोय झाली: हॉलिवूडचा गोल्ड स्टार स्टुडिओ, जिथे निर्माते फिल स्पेक्टर यांची भव्य, थरावर थर चढवलेली गाणी घडली होती. तंत्रज्ञही त्यांच्याच हाताखालचे लॅरी लिव्हाइन. मात्र हाती आली ती गुळगुळीत, घासूनपुसून निर्धोक केलेली तबकडी, ‘इंट्रोड्युसिंग द सॉनिक्स’. स्वतः सदस्यांनीही पुढे तिला आपली म्हणायचे नाकारले. याचा सगळा दोष कंपनीला देता येत नाही. संगीताचा काळही बदलत होता. सॅन फ्रान्सिस्कोकडून सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या संगीताचे वारे वाहू लागले होते आणि शनिवारचे नाच ओसरत होते.

फुटीची कथा नाट्यमय नाही. भांडण, खटला, अपघात असे काही झाले नाही. १९६६ ते १९६८ या काळात एकेक जण निघून गेला. कोणी कॉलेजला, कोणी दुसऱ्या बँडमध्ये. ते दिवस व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीचे होते आणि कॉलेजात नाव असणे ही तेव्हा तरुणांची ढाल होती. लिंड नौदलात वैमानिक झाले आणि व्हिएतनाममध्ये त्यांनी उड्डाणे केली. ध्वनिवेगी विमानांवरून नाव घेतलेल्या बँडचा सॅक्सोफोनवादक खरोखरच लढाऊ विमानात जाऊन बसला. रोझली रस्त्यांच्या डांबरीकरणाच्या धंद्यात गेले, लॅरी पॅरिपा विमा व्यवसायात. नाव मात्र मागे राहिले. मूळ पाचांपैकी कोणी नसतानाही दुसरे वादक ते लावून वर्षानुवर्षे कार्यक्रम करत राहिले.

मूळ मंडळी १९७२ मध्ये सिॲटलच्या पॅरामाउंट थिएटरात एका रात्रीपुरती एकत्र आली. दरम्यान त्यांच्या जुन्या तबकड्या हातोहाती फिरत होत्या. १९८० मध्ये द क्रॅम्प्स या बँडने ‘स्ट्रिक्निन’ आपल्या पहिल्या एलपीत घेतले, आणि युरोपातही सॉनिक्सचे चाहते वाढत गेले. ज्यांनी हे संगीत केले ते आपापल्या नोकरी-धंद्यात होते. आपल्या तारुण्यातल्या आवाजाने परक्या देशांत काय घडवले आहे याचा त्यांना पुरता अंदाज यायला अनेक वर्षे लागली.

नोव्हेंबर २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील केव्हस्टॉम्प महोत्सवात रोझली, लॅरी पॅरिपा आणि लिंड पुन्हा मंचावर आले. बेसवर फ्रेडी डेनिस होते. पुढच्या वर्षी लंडन, मग इतरत्र दौरे झाले. २०१५ मध्ये ‘धिस इज द सॉनिक्स’ ही नवी तबकडी आली. निर्माते जिम डायमंड यांनी ती मुद्दाम मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा भेद न ठेवता एकाच वाहिनीत, केली. रोझली तोवर सत्तरीत पोचले होते, आणि किंकाळी अजून त्यांच्या गळ्यात होती.