एप्रिलमधल्या हिरोंचं पुढे काय होतं?

२०२५ चा एप्रिल, म्हणजे बेसबॉल सीझनचा पहिला पूर्ण महिना, संपला तेव्हा न्यूयॉर्क यांकीज या टीमच्या ॲरन जजची बॅटिंग ॲव्हरेज ०.४२७ होती, आणि न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ, जो एरवी फॅमिली ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकतो, तो रोज आकडे टाकायला लागला की यंदा पठ्ठ्या चारशे पार करणार, लिहून ठेवा. बेसबॉलवाले बोलताना दशांश चिन्ह गिळून टाकतात, ०.४०० ला चारशे म्हणतात आणि ०.००१ ला एक पॉइंट. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये अख्खा सीझन चारशेच्या वर राहिलेला शेवटचा माणूस म्हणजे बॉस्टनचा टेड विल्यम्स, १९४१ साली, ०.४०६. त्यानंतर ऐंशीवर वर्षं झाली, कुणाला जमलेलं नाही. एप्रिलपुरतं मात्र बरेचदा कुणाला ना कुणाला जमतं.

जजचा सीझन ०.३३१ वर संपला. तरीही लीगमध्ये तो पहिला आला, म्हणजे खेळ काही बिघडला नव्हता. मग हे जवळजवळ शंभर पॉइंट गेले कुठे? भाऊ म्हणतो पिचर (म्हणजे तिकडचे बोलर) लोकांनी त्याला ओळखलं, मग जुलैत दुखापत झाली, मग प्रेशर. असेल, यातलं थोडंफार असेलही. पण माझं म्हणणं असं की ते शंभर पॉइंट बरेचसे नव्हतेच मुळी, आणि हे एप्रिलमध्ये बसून, पुढची एकही मॅच न बघता, कागद-पेन्सिल घेऊन सांगता येतं. ते कसं, यासाठीच हा लेख.

आधी आपल्या क्रिकेटवाल्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे दर विकेटमागे किती रन्स. तिकडे बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, बस. बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला की हिट, आउट झाला की नाही (चार वाईट बॉल पडून फुकट बेस मिळाला, त्याला वॉक म्हणतात, तर तो ॲट-बॅटमध्ये धरतच नाहीत). म्हणजे दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा तिकडे स्टार, आणि अडीच वेळा होणारा साधारण खेळाडू. ही दरी फार बारीक आहे हे लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

आता १९७० चा सीझन. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या दोन स्टॅटिस्टिशियननी १९७७ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये एक लेख लिहिला होता, त्यात त्यांनी या सीझनचे १८ बॅटर घेतले, प्रत्येकाचे पहिले फक्त ४५ ॲट-बॅट, आणि विचारलं की एवढ्यावरून उरलेल्या सीझनचा अंदाज कसा करायचा. सगळ्यात वर पिट्सबर्ग पायरेट्सचा रोबर्टो क्लेमेंटे, १८ हिट, म्हणजे बरोब्बर ०.४००. सगळ्यात खाली मॅक्स ॲल्व्हिस, ७ हिट, ०.१५६. अठराजणांची सरासरी ०.२६५, म्हणजे ४५ मध्ये साधारण १२ हिट.

आता समजा हे अठराच्या अठरा खेळाडू अगदी एकसारखे आहेत, सगळ्यांची खरी कुवत ०.२६५. तरी ४५ ॲट-बॅटमध्ये सगळ्यांना १२ हिट मिळणार का? नाही ना. बॅटच्या अर्ध्या इंचाने इकडे-तिकडे लागलेला बॉल फिल्डरच्या हातात जातो नाहीतर त्याच्या शेजारून जातो. अकरावी-बारावीत शिकलेलं बायनॉमियल सूत्र लावा: ४५ गुणिले ०.२६५ गुणिले ०.७३५, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं जेमतेम ३. म्हणजे निव्वळ नशिबाने माणूस १२ च्या वर-खाली ३ हिट फिरणार, कुणी ९, कुणी १५, आणि अठराजणांत एखादा १८ पर्यंत पोचला तरी त्यात आकाश कोसळण्यासारखं काही नाही.

बरं, मग या अठराजणांच्या प्रत्यक्ष हिट्स किती विखुरल्या होत्या? मी हिशोब करून बघितला, तुम्हीही करू शकता, १८, १७, १६, १५, १४, १४, १३, १२, ११, ११, मग पाच जणांच्या १०, मग ९, ८, ७. याचं स्टँडर्ड डेव्हिएशन येतं ३.१.

नशिबाने ३ यायला हवं होतं, आलं ३.१! म्हणजे या यादीत क्लेमेंटे वर आणि ॲल्व्हिस खाली हे जे ठसठशीत चित्र दिसतंय ते जवळजवळ सगळं नशिबाचं, खऱ्या कौशल्यातला फरक त्यात उरलासुरला. मला स्टॅटिस्टिक्समधला हा सगळ्यात सुंदर हिशोब वाटतो, कारण कुणालाही आत जाऊन न तपासता, फक्त पसारा मोजून, नशीब किती आणि कसब किती हे कळतं.

आणि मग पुढची पायरी. प्रत्येकाचा आकडा सरासरीकडे ओढायचा. किती ओढायचा ते त्या पसाऱ्यावरूनच ठरतं, त्याचं सूत्र चार्ल्स स्टाइन आणि विलर्ड जेम्स या स्टॅटिस्टिशियननी १९६१ मध्ये दिलं, आणि या अठराजणांसाठी उत्तर येतं ०.२१२. म्हणजे सरासरीपासून जो काही फरक दिसतोय त्यातला साधारण पाचवा हिस्सा खरा धरा, बाकीचे चार हिस्से सोडून द्या. क्लेमेंटे सरासरीच्या १३५ पॉइंट वर, त्याचे धरले २९, अंदाज ०.२९४. फ्रँक रॉबिन्सन ०.३७८ वर होता, अंदाज ०.२८९. उरलेल्या सीझनमध्ये रॉबिन्सनने केले ०.२९८. यांकीजचा थर्मन मन्सन ०.१७८ वर रखडत होता, अंदाज ०.२४७, त्याने पुढे केले ०.३१६ आणि रुकी ऑफ द इयर झाला. अठरापैकी सोळाजणांच्या बाबतीत ओढलेला अंदाज कच्च्या आकड्यापेक्षा खऱ्याच्या जवळ निघाला, आणि चुकांचे वर्ग करून बेरीज केली तर एकूण चूक साडेतीन पटीने कमी.

इथे थोडं गणित येतंय, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. स्टाइनने १९५६ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त गोष्टींचा एकदम अंदाज करायचा असेल तर प्रत्येकीची आपापली सरासरी घेणं ही सर्वोत्तम पद्धत नाहीच, आणि हे ऐकून भलेभले चक्रावले कारण ती पद्धत शंभर-दीडशे वर्षं शहाण्यासारखी मानली जात होती. याचं कारण पायथागोरसच्या प्रमेयात आहे. अठरा खेळाडूंची खरी कुवत म्हणजे अठरा मितींच्या अवकाशातला एक बाण समजा. त्याला नशिबाचा दुसरा बाण चिकटतो आणि आपल्याला दिसते ती दोघांची बेरीज. मिती जितक्या जास्त तितका नशिबाचा बाण खऱ्या बाणाशी जवळजवळ काटकोनात असण्याची शक्यता जास्त, कारण अठरा दिशांपैकी एकच दिशा खऱ्या बाणाची, बाकी सतरा त्याला आडव्या. मग दिसणारा बाण झाला कर्ण, आणि कर्ण बाजूपेक्षा लांबच असतो. म्हणजे आपल्याला दिसणारं चित्र नेहमी थोडं जास्तच ताणलेलं, ते आखडून घेतलं की सत्याच्या जवळ जातं. एका-दोन मितींत ही युक्ती चालत नाही, तीनपासून चालते.

आता दृष्ट लागण्याबद्दल. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाच्या कव्हरवर आलं की खेळाडूचं वाटोळं होतं असा अमेरिकेत जुना समज आहे, १९५४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच अंकावर मिलवॉकी ब्रेव्ह्जचा एडी मॅथ्यूज झळकला आणि लगेच त्याच्या हाताला इजा झाली, तेव्हापासून. अहो, कव्हरवर कुणाला घेतात? जो त्या आठवड्यात आपल्या कुवतीच्या वर खेळतोय त्यालाच ना? मग तो खाली येणार हे ठरलेलंच, त्याला लिंबू-मिरची काय करणार. दहावीच्या पूर्वपरीक्षेत पोराला अनपेक्षित मार्क पडले आणि पेढे वाटले म्हणून बोर्डात कमी पडले, ही आपल्या घरोघरची समजूतही त्याच जातीची. आणि हल्लीची दृष्ट उलट्या दिशेची, म्हणजे हाइप. २९ मार्च २०२५ ला यांकीजने मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध एका मॅचमध्ये ९ होमरन (आपल्या सिक्सरसारखे) ठोकले आणि दोन दिवसांत जगभर टॉर्पेडो बॅटचा गाजावाजा, एमआयटीत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने बनवलेलं ब्रह्मास्त्र वगैरे. कल्पना चांगलीच आहे, बॅटचं लाकूड जिथे बॉल लागतो तिथे जास्त ठेवायचं. पण त्या ९ पैकी ३ होमरन ज्याचे होते तो जज आपल्या जुन्या, साध्या बॅटनेच खेळत होता हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहिलं नाही.

बरं, मग सगळ्यांनाच लीगच्या सरासरीकडे ओढायचं का? इथे फॅन लोकांच्या भांडणात दम आहे, आणि मला वाटतं त्यांना स्वतःलाही कळत नाही की ते नेमकं कशावर भांडतायत. क्लेमेंटेचंच बघा. सूत्राने दिले ०.२९४, त्याने उरलेल्या सीझनमध्ये केले ०.३४६. पिट्सबर्गचा कुठलाही शेंबडा पोरगा सांगू शकला असता की हा माणूस चार वेळा लीगचा बॅटिंग चॅम्पियन झालाय, त्याला ॲल्व्हिसच्या पंक्तीत का बसवताय? बरोबर आहे. (गंमत म्हणजे ०.४०० हा कच्चा आकडा ५४ पॉइंटने चुकला आणि ओढलेला ५२ ने, म्हणजे तिथेही सूत्र केसभर पुढेच.) शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. खेळाडूचं पातेलं कोणतं, हा खरा वाद. जजला लीगच्या ०.२४५ कडे ओढायचं, की त्याच्या २०२४ पर्यंतच्या करिअरच्या ०.२८८ कडे, की नुसत्या २०२४ च्या ०.३२२ कडे? भाऊ तिसऱ्यावर अडून बसला होता, आणि तरीसुद्धा उत्तर चारशेच्या बरंच खाली येत होतं. एफ्रन आणि मॉरिसनी तर मुद्दाम गंमत म्हणून त्या यादीत शिकागोतल्या परदेशी गाड्यांचं प्रमाण घुसवून दाखवलं, सूत्र तरीही चालतं, एकूण चूक सरासरीने कमीच होते, पण क्लेमेंटेचा अंदाज गाड्यांवरून ठरवणारा माणूस शहाणा म्हणता येत नाही.

टॉम टँगो या विश्लेषकाची मार्सेल नावाची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे, टीव्ही सिरीयलमधल्या एका माकडाचं नाव दिलंय तिला, कारण माकडालाही जमेल इतकी सोपी. गेल्या तीन सीझनना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, लीगच्या सरासरीकडे थोडं ओढायचं, वयाप्रमाणे किंचित वर-खाली करायचं, झालं. मोठमोठ्या मॉडेल्सना या माकडाच्या फार पुढे जाता येत नाही.

व्हॅल्यूच्या वादात आणखी एक पदर असतो. २०२५ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू, जज की सिॲटलचा कॅल रॅली यावर महिनोन् महिने हाणामारी झाली, रॅलीने कॅचर (तिकडचा विकेटकीपर) असून ६० होमरन मारले होते, मतदान झालं आणि पहिल्या पसंतीची ३० मतं १७-१३ अशी जजच्या बाजूने फुटली. दोन्ही बाजू वॉर नावाच्या आकड्याचा दाखला देत होत्या, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने टीमला किती विजय जास्त दिले. पण वॉर एक नाही, दोन वेबसाइट्सचे दोन. फॅनग्राफ्स कॅचरचं फ्रेमिंग धरते, म्हणजे कडेचा बॉल हळूच अशा हाताने झेलायचा की अंपायरला तो स्ट्राइक, म्हणजे चांगला बॉल, वाटावा, बेसबॉल-रेफरन्स ते धरत नाही. म्हणून पहिल्या साइटवर दोघांतला फरक कमी, दुसरीवर जज बराच पुढे. जो तो आपल्या सोयीची साइट उघडून बसला होता.

टीमचंही तेच गणित, फक्त ४५ च्या जागी १६२ मॅच. अगदी मध्यम टीमसुद्धा नशिबाने ८१ च्या सहा वर किंवा सहा खाली सहज जाते. २०१६ मध्ये टेक्सस रेंजर्स ९५ मॅच जिंकले आणि फॅन हवेत, पण सीझनभरात त्यांनी रन्स केले ७६५ आणि दिले ७५७, फक्त ८ चा फरक. बेसबॉलचे आकडे मांडणारा लेखक बिल जेम्स (स्टाइनबरोबरचा जेम्स वेगळा) याच्या सूत्राने (केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज) ती ८२ विजयांची टीम. एका रनने सुटलेल्या मॅच त्यांनी ३६ जिंकल्या आणि ११ हरल्या, याला फॅन जिगर म्हणत होते. पुढच्या वर्षी रेंजर्सचे विजय ७८.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल सोयीचं तेवढं सांगतो. वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९ मध्ये पहिल्या ५० मॅचनंतर १९-३१ होते आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला हाकला म्हणून फॅन ओरडत होते. ५० मॅचमध्ये नशिबाचा झोल साडेतीन विजयांचा, म्हणजे १९ हा आकडा २५ च्या लायकीच्या टीमलाही पडू शकतो. कुठल्याही सूत्राने त्यांना उरलेल्या ११२ पैकी साठेक विजय दिले असते. त्यांनी जिंकल्या ७४, आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजपण मारली.