जुनी नौका किती पळते? सहा-सात नॉटांमागची गोष्ट

बंदरावर जुनी लाकडी नौका विकायला निघाली की घेणारा आधी इंजिन बघतो आणि विचारतो, "किती पळते?" मालक बिनदिक्कत "दहा नॉट" सांगतो (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). बाजूला जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्याला, विचारा, तो नॉट सांगणारच नाही. म्हणेल, "हर्णैवरून रत्नागिरी, सात तास." हे अंतर साधारण 50 सागरी मैल. म्हणजे सात नॉट, ताशी 13 किलोमीटर. माझं मत म्हाताऱ्याच्या बाजूने.

नौका ठरावीक वेगापुढे का जात नाही, त्याचं गणित मांडलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने. 1867 मध्ये त्याने डार्ट नदीत दोन नमुना-नौका ओढून पाहिल्या. टोकदार नाळेची (पुढच्या टोकाची) 'रेव्हन' आणि गोलसर 'स्वान'. कमी वेगात रेव्हन सरस, पण वेग वाढवल्यावर गोलसर स्वानच हलकी चालली! पुढे त्याने टॉर्की गावी चाचणीसाठी हौदच बांधला. पाणी कापत जाणारी नौका स्वतःच लाट उठवते. वेग वाढेल तशी ही लाट लांबते आणि एका टप्प्यावर ती नौकेच्या पाण्यातल्या लांबीएवढी होते. मग नाळ एका लाटेवर, पाठ दुसऱ्या लाटेवर. त्यापुढे रेटायचं म्हणजे आपल्याच लाटेचा चढ चढायचा. हिशेब सोपा आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 36 फुटांना आठ नॉट, 49 फुटांना साडेनऊच्या आत. ही झाली मर्यादा. रोजची चाल त्याहून एक-दीड नॉट खालीच.

शिडाच्या मचव्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. वारा असेल तशी चाल, नसेल तर वल्ही. घोळ झाला इंजिन आल्यावर. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात नींदकरा परिसरात यांत्रिक नौकांचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या किनाऱ्यावरही इंजिनं बसू लागली. पण नौकेचा घाट बराचसा शिडाच्याच वळणाचा राहिला. भरपूर पोट, जाड सागवान, सरळ पठाण, म्हणजे तळाचा कणा. माल घ्यायला उत्तम, पळायला नव्हे.

त्यानंतर ट्रॉलिंग आलं. जाळं ओढताना नौका दोन-तीन नॉटांनीच चालते, म्हणून पाण्यातला पंखा आणि गिअर निवडले जातात ते ओढीसाठी. अशी नौका रिकामी धावताना अडखळल्यासारखी वाटते, पण तो दोष नाही, ती त्याच कामाची आहे. पुढे दोन सिलिंडरच्या जागी चार, चारच्या जागी सहा असं सुरू झालं. नौकेची ओळखच 'सहा सिलिंडर' अशी झाली. ओढ वाढली, लांबच्या पाण्यात जाता आलं, हे खरंच. वेग मात्र तसा वाढला नाही. सहावरून आठ नॉटांवर जायला ताकद किमान सव्वादोन पट लागते, आणि मर्यादेजवळ त्याहून बरीच जास्त. डिझेलचं बिल त्याच मापाने.

वयाचंही ओझं असतं. जुनं लाकूड पाणी पिऊन जड होतं. पावसाळी मासेमारी बंदीत तळ खरवडून रंगवलेला असतो, तरी डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्यावर शेवाळ आणि शिंपले बसतात. त्यात टनावारी बर्फ आणि टाकीभर डिझेल.

जीपीएस आल्यापासून आकडे मिळू लागले, तशा थापाही वाढल्या. जीपीएस पाण्यातून नव्हे, तळाच्या जमिनीच्या हिशेबाने कापलेलं अंतर मोजतो, त्यात भरती-ओहोटीची धाव मिसळते. एक नॉटाची ओढ पाठीशी असली की सातची नौका आठ दाखवते. म्हणून जाताना आणि येताना, त्याच पट्ट्यात, लगोलग मोजायचं आणि सरासरी काढायची. आणि मोजायचं ते बर्फ भरून. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नव्या रंगावर, रिकाम्या पोटाने कुठलीही नौका आठ नॉट दाखवेल.