लाकूडबंदी, १९९३ ते २०२० : मागचा इतिहास

इमारतीत लाकूड वापरलं तर पर्यावरणाचं भलं होतं की नुकसान, या प्रश्नाला सरकारने सत्तावीस वर्षांत दोन उलट उत्तरं दिली. १९९३ मध्ये केंद्राच्या बांधकाम खात्याने आपल्या कामांत लाकूड बंद केलं, ते जंगल वाचावं म्हणून. २०२० मध्ये त्याच खात्याने बंदी उठवली, तेव्हाही नाव पर्यावरणाचंच होतं. हवामानबदल, कार्बन आणि शेतकऱ्याची झाडं हे मुद्दे मधल्या काळात टेबलावर आले होते. पण लाकूड तेच होतं.

फार मागे जायची गरज नाही. वाड्यांचा साग, खणांत मोजलेल्या खोल्या, तुळया आणि तक्तपोशी हे वाचकांना ठाऊक आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानी बांधलेली एक युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर उभी आहे, एवढं सांगितलं तरी सागाची पत कळावी. याच पतीपायी ब्रिटिशांनी १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकावर एक वनकायदे केले. जंगल हे सरकारचं लाकूड-कोठार झालं आणि आसपासच्या माणसाचा हात त्यावरून निघाला. स्वातंत्र्यानंतरही कोठार तेच राहिलं. किल्ली फक्त दुसऱ्याच्या हाती गेली.

खरं वळण १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाचं. जंगल महसुलासाठी नसून पर्यावरणाच्या समतोलासाठी आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आणि लाकडाला शक्य तिथे पर्याय शोधा, असंही सांगितलं. त्याच धोरणाने उद्योगांना कच्चा माल शेतकऱ्यांकडून झाडं लावून घेऊन मिळवायला सांगितलं होतं. पाच वर्षांनी बंदी आली तेव्हा यातला पर्याय शोधण्याचा भाग तेवढा अमलात आला. शेतकऱ्याचा भाग कागदावर राहिला.

बंदी खासगी बिल्डरला लागू नव्हती. पण सरकारी कामाची मानकं बघूनच बाकीच्यांची निविदापत्रं लिहिली जातात, त्यामुळे तिचा पल्ला कागदावर दिसतो त्यापेक्षा लांब गेला. सागवानी चौकटीच्या जागी लोखंडी पत्र्याची चौकट आली, खिडकीला ॲल्युमिनियम, न्हाणीघराला पीव्हीसीचं दार. एक टन ॲल्युमिनियम धातुकापासून काढायला साधारण पंधरा हजार युनिट वीज लागते. ती वीज बहुतेक कोळशाची, आणि कोळशाच्या बऱ्याच खाणी जंगलातच. हा हिशोब १९९३ मध्ये कुणी मांडला नाही. मांडायची पद्धतच तेव्हा रुळलेली नव्हती, म्हणून फार दोषही देता येत नाही.

माझ्या मते खरी चूक शब्दाची होती. ‘लाकूड’ म्हटलं की सरकारी फायलीत एकच वस्तू उभी राहते. वखारीत मात्र तशी एक वस्तू नसते. तिथे पहिली फोड साग आणि ‘जंगली’ अशी. जंगली लाकूड म्हणजे जंगलातलं नव्हे, तर साग सोडून बाकी सगळं. ते बांधावरचं असेल नाहीतर बोटीने आलेलं. सागातही ‘सीपी’ वेगळा. मध्य प्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग अजून त्या प्रांताच्या आद्याक्षरांनी विकला जातो. मग बर्मा साग, घाना साग. यांतल्या कुठल्या लाकडामुळे आपलं जंगल तुटतं आणि कुठल्यामुळे नाही, हे गिऱ्हाइकाला निदान भावावरून थोडंफार कळतं. बंदीच्या हुकुमाला तो भेद नव्हता. शेतात वाढवलेलं झाड आणि राखीव वनातला शंभर वर्षांचा साग, दोघांना एकच शिक्षा.

बांबूचं त्याहून अवघड. १९२७ च्या कायद्यात तो ‘झाड’ होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज झाला, म्हणजे गावाच्या मालकीचा. वनस्पतिशास्त्र त्याला कायमच गवत म्हणत आलं. गडचिरोलीतल्या एका गावाने आपल्या हद्दीतला बांबू स्वतः विकायचं ठरवलं, तेव्हा वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर खातं अडून बसलं. अखेर २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडलं. आपल्या इमारत संहितेत तर लाकूड आणि बांबू एकाच विभागात शेजारी बसतात. म्हणजे अभियंत्यासाठी ते बांधकामसाहित्य होतं आणि नाक्यावरच्या वनरक्षकासाठी मुद्देमाल. व्याख्या इतकी सैल असताना ‘शाश्वत लाकूड’ (जंगल न संपवता मिळवलेलं) हा शब्द निविदेत घालून काय साधणार?

१९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय (कुठे, किती तोडायचं याच्या आराखड्याशिवाय) होणारी वनातली तोड थांबवली आणि ईशान्येकडचा प्लायवूड उद्योग आडवा झाला. मागणी मात्र थांबली नाही. ती दोन वाटांनी गेली. एक वाट बंदरातून, बाहेरच्या ओंडक्यांची. दुसरी उत्तरेतल्या शेतांतून, पॉप्लर आणि निलगिरीची, यमुनानगरच्या गिरण्यांकडे. म्हणजे आपलं जंगल वाचवताना दुसऱ्याचं तुटत होतं. २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा बर्मा सागवाल्यांची धावपळ झाली.

याच काळात ऑस्ट्रिया-जर्मनीकडे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून भिंतीएवढे ताव करायचं तंत्र तयार झालं. २००९ मध्ये लंडनला त्यातून नऊ मजल्यांची इमारत उभी राहिली, तळमजला तेवढा काँक्रीटचा. २०१९ मध्ये नॉर्वेत ८५ मीटर उंच इमारत झाली, ती मुख्यतः फळ्या चिकटवून केलेल्या खांब-तुळयांची. एक घनमीटर कोरड्या लाकडात साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो, हा आकडा तिथूनच इकडे आला. तिकडेही सरळ रेषा नाही. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर इंग्लंडने २०१८ मध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील साहित्याला मनाई केली आणि लाकूडही त्यात सापडलं. आगीचा विषय निघाला की पुणेकर १८२८ मध्ये जळालेला शनिवारवाडा काढतो. ते बरोबरही आहे. पण जाड तुळई बाहेरून कोळसा धरत मिनिटाला जेमतेम ०.७ मिलिमीटर जळते, उघडं पोलाद तापून वाकतं, हेही बघायला हवं.

२०२० मध्ये बंदी उठली. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाला विदर्भाचा साग आणि त्रिपुराच्या बांबूची फरशी लागली. त्याच वर्षी बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग वाजतगाजत रवाना झाला. मानाच्या वास्तूंना लाकूड मिळालं. साध्या सरकारी शाळेच्या छपराला मिळालेलं मात्र फारसं दिसत नाही. सत्तावीस वर्षांत लाकडाचं आरेखन शिकलेले अभियंते निवृत्त झाले, दराच्या तक्त्यांत लोखंडी चौकट कायमची बसली आणि बांधकाम व्यवस्थापनाचं संशोधन काँक्रीट-पोलादाभोवती फिरत राहिलं. शेतातला साग किती ताण घेतो, त्याची प्रत कुणी ठरवायची आणि तो किती सुकल्यावर तुळईला लावायचा, याची जबाबदारी आज ना वनखात्याची आहे, ना बांधकाम खात्याची. सध्या हे ठरवतो तो वखारवाला, ओंडक्यावर हात फिरवून.