बालरोग उपविशेषता फेलोशिप (पुणे)

बालरोगशास्त्रात एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी) झालेल्या डॉक्टरने नवजात शिशुशास्त्र, बालहृदयरोग, बालमेंदूविकार, मूत्रपिंड, पचनसंस्था व यकृत, रक्तविकार व कर्करोग, अतिदक्षता, अंतःस्रावी ग्रंथी, बालविकास अशा एखाद्या उपशाखेत घेतलेले पुढील प्रशिक्षण. सरकारी व खासगी वैद्यकीय महाविद्यालये, धर्मादाय रुग्णालये आणि केवळ मुलांसाठी असलेली खासगी रुग्णालये एकाच शहरात असल्याने महाराष्ट्रातील अनेक तरुण बालरोगतज्ज्ञ यासाठी पुण्याचा विचार करतात.

शोधाची सुरुवात एका भेदापासून करावी लागते. डीएम आणि डीआरएनबी या एमडी किंवा डीएनबीनंतरच्या, तीन वर्षांच्या अतिविशेषता (एकाच उपशाखेच्या) पदव्या आहेत. त्यांचे प्रवेश नीट-एसएस या परीक्षेतून होतात. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते, तर समुपदेशन, म्हणजे जागावाटप, केंद्र सरकारची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. बालरोगशास्त्राचा उमेदवार बालरोग गटाची प्रश्नपत्रिका सोडवतो. फेलोशिप बहुधा वर्षभराची असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना 1998) मान्यताप्राप्त संस्थांमधून असे अभ्यासक्रम चालवते. भारतीय बालरोग अकादमी (1963) आपल्या उपशाखांच्या चॅप्टरमार्फत, तर राष्ट्रीय नवजात शिशु मंच (1980) आपल्या मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत फेलोशिप देतो. याशिवाय काही रुग्णालये स्वतःच्या नावावर फेलोशिप जाहीर करतात. त्यांना बाहेरच्या कोणत्या संस्थेची मान्यता आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. डीएमची पदवी आणि फेलोशिपचे प्रमाणपत्र यांचा दर्जा सारखा नाही. वैद्यकीय महाविद्यालयात अतिविशेषता विभागात अध्यापक व्हायचे असेल तर हा फरक आयुष्यभर जाणवतो.

असे असले तरी फेलोशिपला दुय्यम समजणे चूक आहे. बालविकास किंवा बाल-अंतःस्रावशास्त्रात डीएमच्या जागा मुळातच फार थोड्या आहेत, त्यामुळे या शाखांत फेलोशिप हाच बहुतेकांचा मार्ग ठरतो. पुण्यात या कामाची मुळे खोल आहेत. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो ती मुले प्रौढ होईपर्यंत चालू ठेवला. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत मुलांच्या वाढीवर मोठे काम झाले. 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोग अकादमीने 2015 साली आणलेल्या सुधारित वाढ-आलेखांच्या कामात तिथल्या डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा होता.

अशा पाठपुराव्याची संधी कुठे मिळेल, हा केंद्र निवडतानाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) व्हेंटिलेटर हाताळणे फेलो शिकतोच. पण 34 आठवड्यांआधी किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ साधारण चौथ्या आठवड्यात दृष्टिपटलाच्या तपासणीला आले का, त्याची श्रवणचाचणी झाली का, वर्षभराने ते उभे राहू लागले का, हे ज्याने ओपीडीत स्वतः पाहिले आहे, तोच पुढे पालकांना खरे उत्तर देऊ शकतो. म्हणून खाटांच्या संख्येइतकेच हाय-रिस्क ओपीडीबद्दलही (अशा जोखमीच्या बाळांच्या पाठपुराव्याच्या बाह्यरुग्ण विभागाबद्दल) विचारावे.

मान्यता ठरावीक मुदतीची असते. त्यामुळे जाहिरातीवर न थांबता विद्यापीठाची किंवा संबंधित मंडळाची चालू वर्षाची यादी पाहावी. त्यानंतर विभागात जाऊन सध्याच्या फेलोशी बोलावे, शक्यतो वरिष्ठांच्या अनुपस्थितीत. राउंडला कन्सल्टंट शिकवतात का, प्रोसिजर स्वतःच्या हाताने करायला मिळतात का, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) कोणी तपासते का, रात्रीच्या ड्यूटीत फेलो म्हणून शिकायला मिळते की फक्त रेसिडेंटची (निवासी डॉक्टरची) जागा भरून काढावी लागते, हे तिथेच कळते. या शेवटच्या मुद्द्यावर संकोच बाळगू नये. उमेदीचे एक वर्ष त्यावर अवलंबून असते.

डीसीएच (बालआरोग्याची पदविका) धारकांना डीएमसाठी आधी डीएनबी पूर्ण करावे लागते. काही फेलोशिप मात्र त्यांनाही खुल्या असतात. सरकारी महाविद्यालयातून आलेल्यांनी बॉन्डची (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी) सेवा आणि जमा असलेली मूळ कागदपत्रे यांची सोय रुजू होण्याच्या तारखेआधी लावून ठेवावी.