दोन जादूगार, एक पिंजरा आणि जुनं गौडबंगाल

मागच्या आठवड्यात बेळगावच्या टिळकवाडीत एका मित्राकडे ‘द प्रेस्टिज’ लावला होता. सहा जणांपैकी चौघांनी आधी पाहिलेला, दोघे नवे. सिनेमा संपला आणि नव्यांपैकी एक चिडूनच उठला, “फसवलं की रे आपल्याला! इतका वेळ हातचलाखी, हातचलाखी म्हणायचं आणि शेवटी यंत्र काढून दाखवायचं?” दुसऱ्याला तेच यंत्र आवडलं होतं. मग चहा गार होईपर्यंत भांडण. हा सिनेमा जिथे जिथे दाखवला जातो तिथे थोड्याफार फरकानं हेच होतं. २००६ साली तो आला, त्यानंतर अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही कौतुक करता करता शेवटावर हाच आक्षेप घेतला होता. हा वाद सिनेमापेक्षा बराच जुना आहे, म्हणून त्याची मुळं थोडी उकरतो. (अजून पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळी गुपितं फोडणार आहे.)

दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन. मूळ कादंबरी ख्रिस्तोफर प्रीस्ट यांची, १९९५ सालची. व्हिक्टोरियन काळाच्या शेवटी लंडनमधले दोन जादूगार एकमेकांच्या जिवावर उठतात. एक ह्यू जॅकमन, दुसरा ख्रिश्चन बेल. जादूच्या तीन टप्प्यांची जी नावं सिनेमात सांगितली जातात ती जादूगारांच्या परंपरेतली असावीत असं वाटतं, पण ती प्रीस्ट यांनीच घडवलेली. ‘प्रेस्टिज’ म्हणजे आज आपण प्रतिष्ठा समजतो. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ मात्र डोळ्यांवर घातलेली भूल, आपली नजरबंदी.

शब्दांच्या बाबतीत आपणही श्रीमंत आहोत. न उलगडणाऱ्या प्रकाराला मराठीत गौडबंगाल म्हणतात, कारण जादूटोण्याचा मुलूख म्हणजे बंगाल अशी जुनी समजूत. पुढे जगभर गाजलेले पी. सी. सरकार त्याच बंगालचे निघावेत, हा योग मजेशीर आहे. आणि ‘गारुडी’ हा शब्द तर सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच चालतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी आणि कविता कन्नड, त्यांना कन्नड वाचक ‘शब्दगारुडिग’ म्हणतात. ती पदवी आपल्याला भाषांतराशिवाय कळते.

आता मूळ भांडण. १८६० च्या दशकात अमेरिकेतले डॅव्हनपोर्ट बंधू इंग्लंडमध्ये आले. हातपाय बांधून लाकडी कपाटात बसायचे, दिवे घालवायचे, की आत वाद्यं वाजू लागायची. हे भुतांचं काम आहे असा प्रचार व्हायचा. १८६५ मध्ये चेल्टनहॅमला जॉन नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या तरुण घड्याळजीनं त्यांची लबाडी पकडली आणि भुतांशिवाय तोच प्रयोग स्वतः करून दाखवला. हाच मॅस्केलिन पुढे लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये तीस वर्षं जादूचे खेळ करत राहिला. त्या पिढीच्या जादूगारांचा प्रेक्षकांशी एक अलिखित करार ठरला: मी तुम्हाला फसवणार, तुम्ही फसायला तिकीट काढून आला आहात, पण यात दैवी काही नाही. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनवाले पाण्यावर दिवा पेटवून दाखवतात आणि मग त्यामागचं रसायन सांगतात, ती याच घराण्याची रीत. माझा मित्र चिडला तो याच करारावरून. यंत्रातून खरोखरच दुसरा माणूस बाहेर पडणार असेल, तर ती जादू राहिलीच कुठे?

मला स्वतःला हा आक्षेप अर्धाच पटतो. सिनेमात ते यंत्र विजेचा संशोधक निकोला टेस्ला बनवतो, आणि टेस्ला १८९९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला प्रयोगशाळा थाटून मानवनिर्मित विजांचे लोळ खरंच सोडत होता. माणसाची नक्कल काढणारं यंत्र त्यानं अर्थातच बनवलं नाही. एडिसनच्या एकदिश (डीसी) विजेशी त्याच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेचं युद्ध मात्र खरं. तारेशिवाय दिवा लागणं हे त्या काळच्या माणसाला भुताइतकंच अचाट. आमच्याच जिल्ह्यात १८८७ मध्ये घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर गोकाकची गिरणी फिरायला लागली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतले लोक पाण्यावर फिरणारे टकळे बघून काय म्हणाले असतील? यंत्र आणि चमत्कार यांतली रेघ त्या काळी बरीच पुसट होती, आणि नोलननं नेमका तोच काळ पकडला आहे.

एकमेकांचे खेळ चोरणं हे तर इतिहासात सिनेमापेक्षा सरस आहे. मॅस्केलिननं माणूस अधांतरी तरंगवायचा खेळ बसवला. अमेरिकेचा हॅरी केलर तो पुन्हा पुन्हा पाहायला यायचा. एकदा तर दुर्बीण घेऊन थेट रंगमंचावर चढला असं सांगतात. तरी उमगेना, तेव्हा त्यानं इजिप्शियन हॉलमधला एक जादूगारच फोडून अमेरिकेला नेला.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे दोन ‘चिनी’ जादूगार. चिंग लिंग फू खरा चिनी. १८९८ मध्ये तो अमेरिकेत आला. रिकाम्या कापडाखालून पाण्यानं काठोकाठ भरलेलं भलंमोठं भांडं काढायचा. हे कुणी करून दाखवलं तर हजार डॉलर, असं त्याचं आव्हान. न्यूयॉर्कचा विल्यम रॉबिन्सन ते स्वीकारायला गेला, पण फूच्या माणसांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. रॉबिन्सन तोवर केलर आणि हरमन या बड्या जादूगारांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबलेला, हुशार, पण रंगमंचावर बोलायला कच्चा. १९०० मध्ये त्यानं पॅरिसमध्ये डोकं भादरलं, वेणी लावली, चिनी झगा चढवला आणि ‘चुंग लिंग सू’ झाला. बोलणंच बंद, त्यामुळे अडचणही संपली. वार्ताहरांशीसुद्धा तो दुभाष्यामार्फत बोलायचा. त्याची अमेरिकन सहचरीही चिनी पोशाखात रंगमंचावर यायची.

१९०५ च्या जानेवारीत लंडनमध्ये दोघे समोरासमोर आले. फू एम्पायर थिएटरात, सू हिप्पोड्रोम थिएटरात. एका वृत्तपत्राच्या कचेरीत सामना ठरला. फूचं म्हणणं, आधी यानं आपण चिनी असल्याचं सिद्ध करावं. ते कुणी मनावर घेतलं नाही, फू आलाच नाही, आणि सू जिंकला. अस्सल माणूस हरला, नकली टिकला, लंडनकरांना फरक पडला नाही. गोकाकच्या करदंट या मिठाईच्या दुकानांवर ‘अस्सल’ आणि ‘मूळ’ या पाट्या कुणी कुणाला विचारून लावतो का? तसंच ते.

सिनेमात हा सू काही क्षण दिसतो. पायांमध्ये मासे असलेलं काचेचं भांडं धरून चालता यावं म्हणून जन्मभर लंगड्या म्हाताऱ्याचं सोंग घेणारा. ते बघून बेलचा जादूगार म्हणतो, कलेसाठी असं आयुष्य द्यावं लागतं. गंमत अशी की सिनेमा त्याला खराच चिनी समजतो. खरं सोंग त्याच्याही एक थर खाली होतं, आणि भांड्याचा खेळ मुळात फूचा. २३ मार्च १९१८ रोजी वुड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी झेलायचा प्रयोग चुकला. बंदुकीतली खरी नळी बंद राहून खालची गुप्त नळी तेवढी उडायची, पण झिजलेल्या भागातून दारूची ठिणगी खऱ्या नळीत गेली. कोसळताना तो रंगमंचावर पहिल्यांदाच इंग्रजीत बोलला: पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पक्ष्यासकट पिंजरा नाहीसा करायचा सिनेमातला खेळही खराच. फ्रेंच जादूगार बुआतिए द कोल्टा यानं तो १८७० च्या दशकात काढला. पक्षी आत चिरडून मरतो अशी ओरड इतकी झाली की १९२१ मध्ये कार्ल हर्ट्झला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो करून, पक्षी जिवंत दाखवावा लागला. सिनेमात पक्षी मरतो आणि त्याच्यासारखा दुसरा काढून दाखवतात. तिथेच एक लहान मूल रडत विचारतं की त्या पक्ष्याचा भाऊ कुठे आहे, आणि बेलचं सगळं गुपित, म्हणजे तो एक नसून दोन जुळे भाऊ आहेत हे, त्या प्रश्नात उघडं पडतं. पहिल्या वेळी ते कुणालाच ऐकू येत नाही. २०१३ मध्ये ‘धूम ३’ आला तेव्हा ‘प्रेस्टिज’ पाहिलेल्यांना मध्यंतराचा धक्का बसला नाही, तो याच कारणानं.

इजिप्शियन हॉलमध्ये १८६५ साली स्टोडेअर नावाच्या जादूगारानं एक खेळ आणला होता, ‘इंडियन बास्केट’. टोपलीत माणूस, वरून तलवारी, टोपली रिकामी, आणि तोच माणूस प्रेक्षकांतून चालत येतो. माझ्या लहानपणी खानापूरच्या बाजारात गारुडी तोच खेळ धुळीत बसून करायचा. टोपलीत एक काळासावळा पोरगा घालायचा, सुरा खुपसायचा, आणि पोरगा आमच्या मागून, भजीच्या गाड्याकडून हसत यायचा. घरी येताना मी आज्जाला विचारलं. तो म्हणाला, “दोन पोरं असतात रे, जुळी.” पुढचे दोन-तीन बाजार मी खेळ न बघता गारुड्याच्या पालाबाहेर थांबलो. पोरगा एकच दिसायचा.